बंद कानाचे हेडफोन

खिल्लारे गुरुजींच्या घरात हेडफोन आले, त्याचं पाप म्हणा, पुण्य म्हणा, सुमनबाईच्या माथी. पसंती तिची. गुरुजींना दुकानात काही म्हणजे काही सुधरत नव्हतं. शेवटी तिनंच बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे घ्या." पण थांबा. असं मधूनच सांगायला लागलं तर तुम्ही विचाराल, मानवतसारख्या कापसाच्या गावात, प्राथमिक शाळेच्या मास्तरला हेडफोनचं खूळ लागलंच कुठून? तेव्हा पहिल्यापासून ऐका.

गुरुजींना गाण्याचा नाद होता. दारू नाही, पत्ते नाहीत, पण गाणं म्हणलं की माणूस ताट विसरायचा. सुमनबाईचा भाऊ रेल्वेत, सिकंदराबादला. त्यानं तिकडच्या जुन्या बाजारातून एक टेप आणून दिला. दोन चकत्यांचा, जड, पत्र्याच्या पेटीएवढा. एका चकतीवरची फीत दुसरीवर जायची आणि त्यातून गाणं निघायचं. ही गोष्ट सत्तर-पंचाहत्तर सालाकडची. सगळी गल्ली बघायला लोटली होती. शेजारच्या मालनबाईनं तर विचारलं होतं, "आत माणसं किती बसतेत व्हय, गुरुजी?"

घरात तीन माणसं. गुरुजी, सुमनबाई आणि गुरुजींची आई दगडाबाई. लेकरूबाळ नव्हतं. त्याचं दुःख होतंच, पण रोज उगाळत बसावं अशातली ही माणसं नव्हती. दगडाबाई सत्तरीची, जिभेनं तिखट. गावात पिठाची गिरणी येऊन किती वर्षं झाली, तरी म्हातारी मूठभर ज्वारी रोज जात्यावर दळायची आणि दळताना ओव्या म्हणायची. आवाज असा, की गिरणीला निघालेल्या बाया डोक्यावरचा डबा विसरून दारात उभ्या राहायच्या. सासू म्हणून मात्र ती सोपी नव्हती. भाकर पातळ झाली तरी बोलायची आणि जाड झाली तरी बोलायची. सुमनबाईनं लग्न झाल्यापासून तिचं बोलणं खाल्लं होतं. आणि गुरुजी कसे, तर दोघींच्या मधी मुकाट. आईला एका शब्दानं कधी "असू दे" म्हणाले नाहीत.

एका दुपारी गुरुजींच्या मनात आलं, आईच्या ओव्या टेपवर घ्याव्यात. सुमनबाई धुणं घेऊन गेली होती. त्यांनी टेप जात्यापाशी मांडला, माईक डब्यावर ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाले, "माय, तू दळत ऱ्हा. ह्याच्याकडं बघू नको." आणि चहापत्ती संपलीय म्हणून दुकानावर गेले. तिथं दुसरा एक मास्तर भेटला, बदल्यांच्या गप्पा निघाल्या. मास्तरांच्या बदल्यांच्या गप्पा, त्या काय लवकर संपतात? परत आले तेव्हा फीत संपून तिचं टोक फटफट करत होतं आणि म्हातारी जात्याचा खुंटा धरून गप बसली होती. "काय झालं, माय?" "काई न्हाई." बस्स. पंधरवडा गेला नाही तोच दगडाबाई झोपेतच गेली.

सगळं पार पडल्यावर गुरुजींनी फीत लावली. आधी ओव्या होत्या, जात्याची घरघर होती. मग जातं थांबलं. "लिंबा... ए लिंबा." थोडा वेळ काही नाही. परत, "लिंबा, ओ दे रं." आणि त्याच्यापुढं म्हातारी काहीतरी बोलत होती. बरंच बोलत होती. पण टेपचा भोंगा एवढासा, त्यात आवाज खाली गेलेला, एक शब्द कळंना. गुरुजी तिथंच भिंतीला टेकून रडले. "माय बोलावत व्हती," ते म्हणाले, "आन् म्या तिकडं बदल्यांच्या गप्पा हाणत बसलो व्हतो."

लिंबाजी हे नाव तसं शाळेच्या पगारपत्रकापुरतं. गावाला ते गुरुजी, साहेबाला खिल्लारे, सुमनबाईला 'अवं'. लिंबा म्हणणारं जगात एकच माणूस होतं आणि ते गेलं. सुमनबाई तर त्या नावाच्या वाऱ्याला उभी राहायची नाही. लिंबाच्या झाडाला ती 'कडू झाड' म्हणायची आणि बाजारात लिंबू मागायचं तर "ते आंबट द्या." गुरुजी हसायचे. "अगं, आपण धम्म घेतला, आता तरी सोड की." "धम्म घेतला म्हणून जीभ बदलती व्हय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

तर आई काय म्हणाली ते कळायलाच पाहिजे, एवढं एकच गुरुजींच्या डोक्यात बसलं. गावातल्या रेडिओ मिस्त्रीकडून टेपला मोठा स्पीकर लावून घेतला. आवाज वाढला, घरघर पण वाढली. मग कुठल्यातरी जुन्या टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा आणला, तो एका कानाला दाबून बसायचे, आणि स्पीकर पण चालूच ठेवायचे. उन्हाळ्याची सकाळची शाळा, बारा वाजता माणूस घरी, की फीत सुरू. "लिंबा, ओ दे रं." मागं गुंडाळायची, परत लावायची. "लिंबा, ओ दे रं." घरभर सासूचा आवाज! सुमनबाई चुलीपुढं बसलेली असायची आणि दोन वेळा तिच्या तोंडून निघून गेलं, "आले, आत्याबाई." तिचा तिलाच राग आला. जित्तेपणी काय कमी ऐकलं होतं? आता मेल्यावर पण सुटका नाही. तिनं लाटणं आपटलं आणि म्हणाली, "असं दळण घालू नका रोज. परभणीला चला, काय चांगलं मिळंल ते एकदाच घ्या आन् कानात घालून बसा."

परभणीत स्टेशनच्या रस्त्याला बन्सीधरचं दुकान होतं. लग्नाला, जयंतीला भोंगे भाड्यानं द्यायचे हा त्याचा मूळ धंदा. मागच्या खोलीत ॲम्प्लिफायर, रेडिओ असला शौकिनांचा माल. दोघं नवरा-बायको एस.टी.नं गेले, टेप गुरुजींच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, ह्याचं अर्धं तिकीट काढू का?" गुरुजी हसले नाहीत.

बन्सीधर बोलका माणूस. त्यानं विचारलं, "गाणं ऐकायचंय का माणूस?"

"माणूस," गुरुजी म्हणाले.

"मग डोळ्यानं निवडू नका. तुमचीच फीत लावू, तुमचीच जागा ऐकू. एकाच जागेवर सगळं लावून बघायचं, म्हणजे कळतं कोण खरं बोलायलंय."

त्यानं दोन ॲम्प्लिफायर पुढं ठेवले. एक ट्रान्झिस्टरचा, हलका, बटण दाबलं की लगेच तयार. दुसरा व्हॉल्व्हचा, जड, आत काचेच्या नळ्या, त्या लाल होईपर्यंत वाट बघायची. पहिल्यावर म्हातारीचा आवाज स्वच्छ आला, एकदम स्वच्छ. गुरुजींनी मान हलवली. "दुसऱ्याची माय बोलल्यावानी वाटायलंय." दुसरा तापला, आवाज आला, आणि गुरुजींनी डोळे मिटले. बन्सीधरनं पहिला ॲम्प्लिफायर उचलून परत फळीवर ठेवला.

हेडफोन मात्र तीन होते आणि तिथं घोडं अडलं. एक मिलिटरीतून आलेले, बोलणं टोकदार ऐकू यायचं पण ओवीतला गोडवा मरायचा. ते बाजूला पडले. दुसरे हलके, कानावर नुसता स्पंजचा तुकडा. तिसरे मोठे, काळे, कातड्याच्या गाद्यांचे, अख्खा कान आत जायचा. गुरुजींनी हे लावले, ते लावले, परत हे लावले. शेवटी स्पंजवाले हातात घेऊन बायकोला म्हणाले, "हे बरे वाटायलेत. आवाज थोडा भाईर सांडतोय, पर मोकळे हायेत. तू हाक मारलीस तर ऐकू यील."

सुमनबाईनं काळे उचलले आणि स्वतःच्या कानावर चढवले. बन्सीधर काहीतरी म्हणाला, त्याचे नुसते ओठ हलले. रस्त्यावरचे टांगे, सायकलींच्या घंट्या, सगळं बंद. किती दिवसांनी अशी शांतता! मग तिनं ते गुरुजींच्या कानावर घातले, फीत सुरू करायला लावली आणि कान जवळ नेऊन बघितलं. सासूचा आवाज बाहेर टिपूसभर येत नव्हता. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं दुसरा विचारच केला नाही. "हे घ्या," ती म्हणाली.

"बाई, ह्याच्यात माणूस घरात असून घरात नसतं बघा," बन्सीधर म्हणाला.

"नसू द्या थोडा वेळ," सुमनबाई म्हणाली. आणि तिघंही हसले.

पहिले काही दिवस घरात खरोखर सुख नांदलं. दुपारी गुरुजी खिडकीपाशी टेपपुढं बसायचे, काळे हेडफोन कानावर, आणि सुमनबाई ऐसपैस झोप काढायची. उठल्यावर गुरुजी तिला सांगायचे. "अगं, मायच्या बांगड्या वाजतेत त्या पण ऐकू येतेत. श्वास घेतलेला कळतोय. जात्यातनं दाणा उडून सुपात पडला, तोबी आला टेपात." "आन् बोलल्या काय त्या?" "आलंय थोडं. थोडं ऱ्हायलंय."

मग एक दिवस ते म्हणाले, "आज जवळून बोलली."

"कोण?"

"माय."

"अवं, फीत तीच हाय. जवळून कशी बोलंल?"

"काल जात्यापाशी व्हती," गुरुजी विचार करून म्हणाले, "आज उंबऱ्यात हाय. आवाजावरून कळतंय की."

सुमनबाई तशी भिणारी बाई नाही. तिनं उंबऱ्याकडं बघितलं, उंबऱ्यात ऊन पडलं होतं. ॲम्प्लिफायर चांगला आहे, बारीकसारीक ऐकू येतं, म्हणून तसं वाटत असंल, असं तिनं स्वतःला समजावलं. उठली आणि उगाचच उंबरा झाडून काढला.

त्यानंतर आठवडाभरात गुरुजी ओ द्यायला लागले. सुमनबाई तांदूळ निवडत होती आणि एकाएकी मागून, "ओ, माय." तिनं वळून बघितलं. गुरुजी हेडफोन घालून बसलेले, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. थोडं थांबून म्हणाले, "न्हाई माय, कुठं न्हाई गेलो. हितंच हाय." परत थांबले, मान डोलावली. पुढचा माणूस बोलतोय आणि आपण ऐकतोय, असं.

तिनं मालनबाईला सांगितलं. मालनबाईचा चेहरा उतरला. "पहिल्या हाकंला ओ दिली?"

"व्हय."

"अगं बाई! न दिसणाऱ्या माणसानं हाक मारली तर पहिल्या हाकंला ओ देऊ नये, एवढं लेकराला पण माहीत असतंय. तिसरी हाक आल्याबिगर तोंड उघडू नये. गुरुजी शिकलेले, त्यांना कुणी सांगितलं न्हाई?"

"टेपला कशाचं आलंय पहिली आन् तिसरी? टेप हाय त्यो," सुमनबाई म्हणाली. पण घरी आल्यावर तिनं आधी खिडकीकडं बघितलं.

गुरुजी जेवायचे बंद झाले. शाळेतून आले की सरळ खिडकीपाशी. ताट वाढलं तर म्हणायचे, "आत्ताच जेवलो की. मायनं वाढलं." दोन-चार वेळा तिला वाटलं थट्टा करायलेत. मग तिनं नीट बघितलं. गालफाडं बसली होती, सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता. आणि मिशीला पीठ लागलं होतं. ताज्या दळलेल्या ज्वारीचं पांढरं पीठ. जातं तर दगडाबाई गेल्यापासून पालथ्या टोपल्याखाली झाकून ठेवलेलं. तिनं टोपलं उचलून बघितलं. जात्यावर धूळ बसलेली होती, तशीच. तिनं पदरानं नवऱ्याची मिशी पुसली, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

आता मात्र तिला धडकी भरली. हा माणूस जाणार आपल्या हातचा, हे तिला स्वच्छ दिसायला लागलं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरला काय सांगणार, नवरा आईशी बोलतोय?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी शाळेत गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि टेपपुढं बसली. बटणं तिला बघून बघून पाठ झाली होती. नळ्या लाल झाल्या. तिनं काळे हेडफोन कानावर घातले. बाहेरची चिमण्यांची चिवचिव एकदम तुटली.

जातं फिरत होतं. ओवी चालू होती आणि खरं सांगायचं तर सुमनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते गोड होतं. बांगड्या वाजल्या. दाणा सुपात पडला. मग जातं थांबलं. "लिंबा... ए लिंबा." अगदी कानाशी. "लिंबा, ओ दे रं."

"ओ, माय," गुरुजींचा आवाज आला.

तो टेपमधून आला. सुमनबाईनं बघितलं, माईक तर पेटीत, वायर गुंडाळून ठेवलेला. टेप भरला त्या दिवशी गुरुजी दुकानावर होते. आणि आत्ता ते शाळेत होते.

"जेवलास का?"

"न्हाई, माय."

"बस मग. वाढते."

भांड्याचा आवाज आला, भाकर मोडल्याचा आवाज आला. कुणीतरी चवीनं जेवत होतं. म्हातारी पुरवून पुरवून वाढत होती, लेकाला काय आवडतं ते विचारत होती, आणि लेक सांगत होता. मग एकाएकी ती थांबली. "कोण हाय रं तिथं?"

सुमनबाईनं स्वतःच्या बांगड्या मुठीत दाबून धरल्या.

"सुमन हाय, माय," गुरुजींचा आवाज म्हणाला.

"हिला कुणी बोलावलं?"

तिनं हेडफोन ओढून काढले आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. चकत्या शांतपणे फिरत होत्या. गल्लीच्या टोकाला शाळेत पोरं पाढे म्हणत होती, आणि त्यांना पाढे सांगणारा गुरुजींचा आवाजही ऐकू येत होता. पण किती बारीक! तिला वाटलं, हा उरलेला आवाज, आणि बाकीचा सगळा इथं.

फीत चुलीत घालावी असं तिच्या मनात आलं नाही असं समजू नका. तिनं चकती काढून हातात घेतली होती. चूल पेटलेली होती. पण त्या फितीत आता एकटी सासू नव्हती, गुरुजी पण होते. ती जाळली आणि तिकडं शाळेत माणूस पडला तर? तिनं चकती परत होती तशी बसवली.

रविवारी व्हायचं ते झालं. सकाळपासून गुरुजी खिडकीपाशी बसले होते. दुपारी फीत संपली, तिचं टोक फटफट करायला लागलं, आणि तरी गुरुजी बोलत होते. मग लाईट गेली. चकत्या थांबल्या, नळ्या विझल्या, आणि गुरुजी बोलतच होते. "व्हय माय. येतो की. चप्पल घालतो आन् येतो."

"अवं!" सुमनबाई ओरडली. काही नाही. तिनं खांदे हलवले, गालावर चापट मारली. "अवं, मी काय म्हणायलेय! गुरुजी! खिल्लारे गुरुजी!" तिनं हेडफोन ओढायला बघितले तर त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले आणि असा हंबरडा फोडला, की तिचे हात आपोआप सुटले. अंग गार पडत चाललं होतं. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आणि ह्या माणसाचे तळहात गार.

ओरडा ऐकून मालनबाई धावत आली. एक नजर टाकली आणि म्हणाली, "नाव घेऊन हाक मार."

"मी?"

"मग कोण मी? 'अवं' काय, कुणीबी कुणाला म्हणतंय. तिकडून नावानं हाक येतीय, तू हिकडून 'अवं' म्हणत बसलीस. माणूस नावाला वळतंय, बाई."

सुमनबाईनं तिला बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. असल्या वेळीसुद्धा तिला लाज वाटली, काय म्हणावं! लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं तेवढंच, तेही बायांच्या गलक्यात. ती नवऱ्यापुढं गुडघ्यावर बसली, तोंड काळ्या गादीपाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "लिंबाजी."

काही नाही. पगारपत्रकातलं नाव ते, त्याला कोण ओ देणार?

गुरुजी उठायला लागले. एक पाय चप्पल शोधत होता.

तेव्हा तिनं ती हाक मारली. ती तिला पाठ होती. इतक्या दुपारी चुलीपुढं बसून ऐकली होती. कुठं लांबवायचं, कुठं थांबायचं, कुठं आवाज जरा चढवायचा, सगळं तिच्या कानात बसलेलं होतं. "लिंबा... ए लिंबा." गुरुजींचा पाय थांबला. "लिंबा, ओ दे रं!"

त्यांनी स्वतःच्या हातानं हेडफोन काढले आणि जमिनीवर ठेवले. डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, नीट, बराच वेळ. आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"ओ, माय," ते म्हणाले, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागले. "कुठं गेली व्हतीस? मी लय वाट बघितली."

सुमनबाईचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "अवं, मी हाय. सुमन."

तसे ते रडायचे थांबले. डोळ्यांतली ओळख गेली, अंग परत गार लागलं, आणि हात जमिनीवर चाचपत हेडफोनकडं निघाला. बोटं काळ्या गादीला लागली सुद्धा.

"लिंबा!" ती किंचाळली.

हात थांबला. "ओ, माय."

मग त्या दिवशी तिनं दुसरं काही म्हणून बघितलं नाही. जगात तिला कुणी कधी माय म्हणालं नव्हतं, आणि म्हणालं ते हे असं.

गुरुजी बरे झाले. चार घास जास्तच जेवायला लागले, अंग भरलं, शाळा नियमित. गावात, शाळेत त्यांच्या बोलण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. गल्ली म्हणाली, सुमनबाईनं यमाच्या दारातून नवरा आणला. टेप, ॲम्प्लिफायर, हेडफोन तिनं जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकले. दार लावलं की ती आणि तिचा लिंबा. मनात आलं की ती मध्येच एखाद्या वेळी चाचरत "अवं" म्हणून बघायची. ते इकडंतिकडं बघायचे, कोण कुणाला बोलावतंय ते त्यांना कळायचं नाही, आणि नजर माळ्याकडं जायला लागायची. की लगेच ती म्हणायची, "लिंबा, पाणी आण रं."

पावसाळा सरत आला होता. दुपारी ती त्यांना वाढत होती. गुरुजींनी घास हातातच धरला आणि विचारलं, "माय, सुमन दिसंना कामून? कुठं गेली?"

सुमनबाईचा हात ताटावर तसाच राहिला. "माहेरला गेलीय," ती म्हणाली.

"रागानं गेली का?"

"न्हाई रं. कशाला रागानं?"

गुरुजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग, लग्न झाल्यापासून आईपुढं कधी वर न केलेली मान त्यांनी वर केली आणि म्हणाले, "माय, तू तिला लय बोलतीस. चांगली हाय ती. तिच्याबिगर मला करमत न्हाई. आली म्हंजी आता तिला काई बोलू नको."

सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. पण रडून चालणार नव्हतं, आवाज बदलला असता.

"न्हाई बोलणार, लिंबा," ती म्हणाली. "जेव तू."